पोहोच

आमचे वडील नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये कामास होते. हे मुद्रणालय १९२५ साली उभे राहिले आणि पुढल्याच वर्षापासून तेथे पोस्टाची तिकिटे छापली जाऊ लागली. त्यापूर्वीची सुमारे सात दशके हिंदुस्थानची तिकिटे इंग्लंडमध्ये छापून बोटीने इकडे येत. वडील आयुष्यभर तिकिटांच्या सान्निध्यात वावरले, त्यामुळे टपालावर त्यांची श्रद्धा होती म्हटले तरी चालेल. महत्त्वाचे पत्र ते कधीही साधे टाकीत नसत. रजिस्टर ए.डी. करीत. आठ-दहा दिवसांनी ती पोहोचपावती परत आली, की तिच्यावरची सही चष्मा वर करून न्याहाळीत आणि भिंतीवरच्या तारेत ती ओवून ठेवीत. "काम झाले," एवढेच म्हणत.

त्या तारेतील एका पावतीने मात्र आमच्या घराला अकरा वर्षे त्रास दिला. १९७४ साली आजी अंथरुणाला खिळली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात आमचे गाव. तेथे असलेल्या थोरल्या काकांना वडिलांनी पत्र लिहिले: आई तुझी आठवण काढते, येऊन जा. पावती परत आली, तिच्यावर आमचे आडनाव स्पष्ट अक्षरांत होते. काका मात्र आले नाहीत. आजी गेली. मयतीला निरोपावरून धावत आलेल्या काकांशी वडील एक शब्दही बोलले नाहीत. सही केली आणि आला नाही, एवढे एकच वाक्य त्यांच्या मनात रुतून बसले होते. पुढे १९८५ साली एका लग्नघरी उलगडा झाला. सही काकांच्या सोळा वर्षांच्या मुलाची होती. त्याने पत्र घेतले, कोनाड्यात ठेवले आणि विहिरीवर पोहायला गेला. पत्र तेथेच राहिले. काकांनी ते पाहिलेच नव्हते. दोघे भाऊ त्या लग्नघराच्या ओट्यावर बसून रडले. आम्ही तेव्हा कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलो होतो. पावती म्हणजे पत्र पोहोचल्याचा पुरावा, कळल्याचा नव्हे, हा धडा आम्हांस त्या दिवशी मिळाला असे आम्ही समजत होतो. तो मिळाला नव्हता, हे कळावयास पुढची चाळीस वर्षे जावी लागली.

*

आम्ही तंत्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत एकतीस वर्षे शिकविले. निवृत्त झालो तेव्हा मुलांनी निरोप समारंभातच आमचा फोन हातात घेऊन 'लिंक्डइन'वर आमचे नाव नोंदविले. "सर, आता सगळे इथेच असतात," असे ते म्हणाले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी नोकरीच्या शोधात असलेली मुले आहेत, त्यांस हे संकेतस्थळ सांगावयास नको. ते मे २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते सव्वीस अब्ज डॉलरहून अधिक किंमत देऊन विकत घेतले. मनुष्याचे शिक्षण, अनुभव, कसब यांचा तक्ता तेथे मांडलेला असतो. व्यवसायातील ओळखीपाळखी तेथे जोडावयाच्या आणि गरज पडली की निरोप धाडावयाचा, असा तेथला व्यवहार. आम्हांला स्वतःला त्याची गरज नव्हती. परंतु सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पुण्यात, आखातात विखुरलेले आमचे विद्यार्थी तेथे भेटत, म्हणून आम्ही अधूनमधून डोकावत असू.

गेल्या वर्षी ऑगस्टात अशाच एका विद्यार्थ्याचा निरोप आला. मुलगा हुशार, अबोल. शिकत असताना वडील वारले, तेव्हापासून घराचा भार त्याच्यावर. अंबडच्या ज्या कारखान्यात तो होता, तेथील त्याचा विभाग बंद झाला होता. दुसरीकडे एक जागा होती आणि तेथील वरिष्ठ अधिकारी आमच्याच हाताखालून गेलेला. 'सर, आपण दोन ओळी लिहिल्यात तर ते माझा अर्ज निदान पाहतील. पंचवीस तारखेपर्यंत मुदत आहे.' एवढेच त्याने लिहिले होते.

हा निरोप आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलो असताना उघडला. मन गलबलले. तेथेच उत्तर लिहावयास घेतले. 'प्रिय' एवढे लिहिले आणि थांबलो. अशा मुलाला घाईत दोन शब्द फेकणे बरे दिसेना. घरी जाऊन सावकाश, नीट लिहू, असे ठरविले. रात्री पुन्हा उघडले, पुन्हा एक वाक्य लिहिले, ते पसंत पडेना म्हणून खोडले. दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी, तिसऱ्या दिवशी पाहुणे, मग गणपतीच्या सुट्ट्या. निरोप खाली खाली सरकत गेला आणि आमच्या मनातूनही उतरला. दुष्टपणा त्यात नव्हता. उलट, फार चांगले लिहावे या इच्छेनेच आम्ही काहीही लिहिले नाही.

सप्टेंबरच्या मध्यास तो भाजीबाजारात भेटला. नमस्कार केला, प्रकृतीची चौकशी केली. बोलता बोलता आम्हांस एकदम आठवले आणि जीभ चावली. "अरे, तुझा निरोप...!" तो हसला. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. म्हणाला, "राहू द्या सर. तुमचा फोटो खाली आला होता, तेव्हाच कळलं की तुम्ही वाचलंय. दोनदा तुम्ही लिहायलाही घेतलं होतं. ती टिंबं हलत होती, मी बघत बसलो होतो. मग थांबली. मला वाटलं, सरांना माझ्याबद्दल लिहिणं जड जात असेल."

पिशवीतील भाजी आम्हांस एकाएकी जड वाटू लागली. आम्ही दवाखान्याच्या बाकावर एकटेच बसलो आहोत, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तो मुलगा समोर उभा होता आणि आम्ही तोंड उघडून मिटताना त्याने पाहिले होते.

*

घरी येऊन कन्येस विचारले, "फोटो खाली येतो म्हणजे काय?" ती संगणकक्षेत्रात आहे. तिने आधी कपाळावर हात मारला आणि मग समजावून सांगितले.

या संकेतस्थळावर आपण कोणास निरोप धाडला आणि त्याने तो उघडला, की त्या निरोपाखाली त्याचे इवलेसे गोल छायाचित्र उमटते. त्याने कुठवर वाचले, ते छायाचित्र कोठे थांबले यावरून कळते. समोरचा लिहू लागला, की तीन टिंबे हलू लागतात. ही सोय आपण मागावी लागत नाही. नाव नोंदविल्यापासून ती चालूच असते. आम्हीही कधी ती मागितली नव्हती आणि कधी नाकारलीही नव्हती.

"पण आम्ही वाचले की नुसते उघडले, हे त्या यंत्रास कसे कळते?" आम्ही विचारले.

"कळतच नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही तो संवाद उघडलात, एवढंच तुमचा फोन त्यांच्या मुख्य संगणकाला सांगतो. तो पलीकडच्या फोनला सांगतो. तुमचे डोळे त्या ओळींवरून फिरले की नाही, कुणाला माहीत? तुम्ही चुकून बोट लावलं असतंत तरी फोटो गेलाच असता. आणि पडद्यावर वरचेवर झळकणारी सूचना वाचून निरोप उघडलाच नसतात, तर सगळं कळूनही खूण गेली नसती."

म्हणजे नावात 'वाचले' असले, तरी खुणेचा अर्थ 'उघडले' इतकाच. कोनाड्यातील पत्राची आठवण आम्हांस येथे झाली.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस विलक्षण वाटली. एरवी संकेतस्थळाचा व्यवहार प्रश्नोत्तराचा असतो. आपण दार ठोठावावे, त्याने उघडावे, हवे ते द्यावे आणि दार लावून घ्यावे. पण टिंबे हलताना दाखवावयाची तर ही रीत पुरत नाही. त्यासाठी आपला फोन आणि त्यांचा संगणक यांच्यामधील दार सतत उघडे ठेवावे लागते, म्हणजे न विचारताही बातमी आत येऊ शकते. २०१६ च्या ऑक्टोबरात लिंक्डइनच्या अभियंत्यांनीच याचे वर्णन प्रसिद्ध केले आहे. अशी लाखो दारे एकेका यंत्राने उघडी धरून कशी ठेवावयाची, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. तो त्यांनी सोडविला. एवढी बुद्धी आणि एवढी यंत्रे कशासाठी खर्ची पडली, तर अंबडच्या एका मुलास त्याचे सर लिहिता लिहिता थांबले हे तत्क्षणी दिसावे म्हणून!

ही कल्पना केवळ याच संकेतस्थळाची नव्हे. ई-मेल उघडल्याची पावती कोणत्या स्वरूपात जावी, याचे नियम १९९८ सालीच ठरले होते. मात्र तेथे पावती धाडावी की नाही, हे उघडणाऱ्यास विचारण्याची रीत होती. २००५ साली ब्लॅकबेरीच्या निरोपांत पोहोचल्याचे आणि वाचल्याचे अक्षर दिसू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपच्या दोन करड्या खुणा वाचल्यावर निळ्या होऊ लागल्या, तेव्हा घरोघरी रुसवेफुगवे झाले ते अनेकांस आठवत असेल. लोकांनी इतकी कुरकुर केली, की त्याच महिन्यात ती खूण बंद करण्याची सोय द्यावी लागली. विचारण्याची रीत मागे पडली आणि गृहीत धरण्याची रीत आली, एवढा बदल या काही वर्षांत घडला.

*

न्यायालयेही या खुणांपुढे थबकली आहेत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टप्रमाणे, बरोबर पत्ता लिहून, पुरेसा आकार भरून रजिस्टर केलेले पत्र उलट सिद्ध होईपर्यंत पोहोचले असेच धरले जाते. ज्या रजिस्टर पोस्टाच्या आधाराने हा नियम उभा राहिला, ते टपाल खात्याने २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन केले. वडील असते तर हळहळले असते. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे एक प्रकरण आले. नोटीस टाळणाऱ्या देणेकऱ्यास ती व्हॉट्सॲपवरून धाडण्यात आली होती. ती पोहोचलीच, शिवाय सोबतचा कागदही त्याने उघडला, असे त्या खुणांवरून दिसते, म्हणून न्यायालयाने नोटीस बजावली गेल्याचे मानले. उलटपक्षी, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की फौजदारी प्रकरणात हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवरून देऊ नये, कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच ती द्यावी. पैशाच्या वसुलीला खूण पुरली. माणसाच्या अटकेचा प्रश्न आला, तेथे ती पुरली नाही.

आमच्या प्रकरणात न्यायाधीश कोणी नव्हता. तो मुलगा एकटा पडद्याकडे पाहत होता आणि त्याने स्वतःविरुद्ध निकाल दिला होता.

याचा विचार करता करता एक गोष्ट ध्यानी आली. मित्राने वाचून उत्तर दिले नाही, तर आपण त्यास चिडवतो, भांडतो आणि विसरतो. व्यवसायाच्या या संकेतस्थळावर मात्र बहुधा एक मागणारा असतो आणि दुसरा देणारा. मागणाऱ्यास पुन्हा विचारण्याचा संकोच असतो. खूण आली नसती, तर 'सरांनी पाहिले नसेल' असे म्हणून त्याने दोन दिवसांनी फोन केला असता. आमचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याकडे होता. खूण आली म्हणून त्याने फोन केला नाही. अज्ञानाचा फायदा देण्याची, चार भल्या शक्यता मनात धरण्याची जी जागा दोन माणसांमध्ये असते, ती त्या इवल्या छायाचित्राने व्यापून टाकली. वडिलांच्या आणि काकांच्या मध्येही त्या सहीने हेच केले होते. सही नसती, तर वडिलांनी दुसरे पत्र टाकले असते. कदाचित स्वतःच एस.टी.त बसून गेले असते.

*

"बंद करून टाकते," कन्या म्हणाली. तिने दाखविले. आपल्या छायाचित्रावर बोट ठेवून सेटिंग्जमध्ये जावे, तेथे डेटा प्रायव्हसीखाली निरोपांसंबंधीचा भाग असतो, त्यात वाचल्याची खूण आणि टिंबे यांसाठी मिळून एकच कळ आहे. ती बंद केली की आपली खूण कोणास जात नाही. मात्र मग दुसऱ्याचीही आपणास दिसत नाही. हा नियम आम्हांस न्याय्य वाटला. दुसऱ्याच्या खिडकीत पाहावयाचे तर आपल्या खिडकीचा पडदाही वर हवा.

पण कळ दाबताना बोट अडले. ज्यांस रोज शेकडो निरोप येतात, किंवा ज्यांस दुखण्याखुपण्यात, कामाच्या रगाड्यात उत्तरास वेळ लागतो, त्यांनी ती खुशाल बंद करावी. निरोप उघडला म्हणजे उत्तराचे कर्ज डोक्यावर बसले, असे मुळीच नव्हे. आमची गोष्ट वेगळी होती. आम्हांस महिन्याकाठी चार निरोप येतात. खूण बंद केली असती, तर आमचा दोष झाकला गेला असता, दूर झाला नसता. त्या मुलास उत्तर मिळाले नाही ते नाहीच.

त्या रात्री जुन्या पत्रांची एक लकब आठवली. मोडीतून उतरवून छापलेले पेशवाईतील कागद ज्यांनी चाळले असतील, त्यांस ती परिचित असेल. उत्तराच्या आरंभीच लिहिणारा सांगे: पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला. आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत 'पत्र मिळाले, मजकूर समजला' या रूपात ती लकब जिवंत होती आणि आम्ही तरुणपणी तिची थट्टा करीत असू. आज तिच्यातील शहाणपण दिसते. 'पावले' हे एक आणि 'कळला' हे दुसरे. पहिले हरकारा सांगू शकतो, पोस्टमन सांगू शकतो, यंत्रही सांगू शकते. दुसरे मात्र ज्यास कळले, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. आमच्या विद्यार्थ्यास पहिले यंत्राने कळविले. दुसरे कळविणे आमच्याकडे होते, ते आम्ही सुंदर वाक्याची वाट पाहत अडवून ठेवले. 'तुझा निरोप वाचला, उद्या लिहितो' एवढे पाच शब्द त्या दिवशी पुरे होते.

खूण आम्ही चालूच ठेवली. मात्र एक नेम केला. कोणाचाही निरोप उघडला, की उठण्यापूर्वी एक ओळ लिहावयाची: मिळाले, कळले, अमुक दिवशी सविस्तर लिहितो. जमणार नसेल तर जमणार नाही असे लिहावयाचे. नकारही उत्तरच असतो. पुष्कळदा तो मागणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडतो, कारण तो दुसरे दार शोधावयास मोकळा होतो.

त्या मुलाची ती जागा केव्हाच भरली गेली होती. आमच्या दोन ओळींनी ती त्यास मिळालीच असती असे नाही, पण त्या ओळी देणे आमच्या हाती होते आणि आम्ही त्या दिल्या नाहीत. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास पत्र लिहिले. क्षमा मागितली, टिंबे का थांबली ते जसेच्या तसे सांगितले. सोबत, कोठेही दाखविता येईल असे शिफारशीचे पत्रही जोडले.

दुपारी त्याचे छोटे छायाचित्र आमच्या निरोपाखाली उमटले. आम्ही वाट पाहत बसलो. संध्याकाळ झाली, रात्र झाली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आम्ही सारखे उघडून पाहू लागलो. टिंबे एकदाही हलली नाहीत. रागावला असेल, क्षमा खोटी वाटली असेल, पत्र अपुरे वाटले असेल, असे नाना विचार मनात येऊ लागले. सौ. म्हणाल्या, "तुम्ही त्याला एकोणीस दिवस ठेवलंत, तुमचे अजून तीनच झालेत."

चौथ्या दिवशी आमच्याने राहवेना. खूण बाजूस ठेवून सरळ फोन लावला. पहिल्याच घंटीस त्याने उचलला. "सर! मीच करणार होतो," तो म्हणाला. "पुण्याला मुलाखतीला निघालो होतो. तुमचं पत्र एस.टी.त उघडलं, नारायणगावच्या पुढं. गर्दीत उभा होतो. म्हटलं, असं घाईत नको, घरी जाऊन सावकाश, नीट लिहू."